दुभाष्याचे इमान

खोटे बोलू नये, असे मी गेली एकवीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. वास्तविक हे काम माझे नव्हे. मी चित्रकलेचा मास्तर. माझ्या तासाला खरेखोटे जे काय व्हायचे ते सावलीचे आणि उजेडाचे. पण मराठीचे किंवा गणिताचे गुरुजी रजेवर गेले की बदली तास हमखास माझ्या गळ्यात पडतो, आणि फळ्यावर काढण्यासारखे काही सुचले नाही की मास्तर माणूस उपदेशाकडे वळतो. मग हरिश्चंद्र येतो, लांडगा आला म्हणून ओरडणारा तो पोरगा येतो. मुले ऐकून घेतात. यातले काही परीक्षेला येणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

२०२३ च्या उन्हाळ्यापासून मात्र हा उपदेश करताना माझी जीभ अडखळू लागली आहे. त्याला कारण एका कोरियन माणसाने मला विचारलेला प्रश्न. दिवाळीच्या दिवसांत वाचकांपुढे फराळाऐवजी प्रश्न ठेवणे बरे नव्हे, हे मला कळते. पण तो एकट्याने बाळगण्याइतका हलका राहिलेला नाही.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. त्या उन्हाळ्यात तिने मला आणि आईला दीड महिना बोलावून घेतले. तिथल्या मराठी मंडळींच्या एका जेवणात आईच्या पैठणीवर लोणच्याचे तेल सांडले. आईचे जेवण तिथेच संपले. दुसऱ्या दिवशी बहीण कामावर गेली, आणि मी, आई आणि माझा दहा वर्षांचा भाचा अशी वरात साडी घेऊन ड्रायक्लीनिंगच्या दुकानाकडे निघाली.

हडसन नदीच्या अलीकडच्या अंगाला पॅलिसेड्स पार्क नावाचे एक छोटे गाव आहे. तिथल्या ब्रॉड अॅव्हेन्यूवर गेले की आपण अमेरिकेत आहोत हे विसरायला होते. दुकानांच्या पाट्या कोरियन, जेवणाच्या खानावळी कोरियन, वाटेत भेटणाऱ्या म्हाताऱ्याही कोरियन. ती लिपी मी पहिल्यांदाच इतकी जवळून पाहिली. गोल, उभी रेघ, आडवी रेघ. चित्रकलेच्या पहिल्या धड्यासारखी. पंधराव्या शतकात सेजोंग नावाच्या राजाने ती मुद्दाम रचून घेतली आणि १४४६ साली प्रजेला दिली. व्यंजनांचे आकार जीभ आणि तोंड उच्चारताना जशी होतात त्यावरून काढलेले आहेत. बोलणाऱ्या तोंडाचेच चित्र काढून त्याला अक्षर म्हणायचे, ही कल्पना मला फार आवडली. असो.

दुकानदार माझ्याच वयाचा, शांत, चष्मा लावणारा. त्याने साडी उलगडून डागाकडे पाहिले, काठावरची जर बोटाने चाचपली आणि पंचवीस डॉलर सांगितले. भाच्याने आईला सांगितले. आईने मनातल्या मनात गुणाकार केला आणि ती म्हणाली, "दोन हजार रुपये! मेल्या, एवढ्यात नवी साडी येते. दुकान घातले आहे की दरोडा? सांग त्याला!"

भाच्याने दुकानदाराकडे पाहिले आणि इंग्रजीत सांगितले, "आजी म्हणते, साडी फार जुनी आहे, कृपा करून जपून धुवा."

तो माणूस हसला. मोठ्याने नव्हे, पण त्याचे डोळे मात्र हसले नाहीत. भाच्याकडे वाकून तो म्हणाला, "एवढेच नाही म्हणाल्या त्या." आणि मग माझ्याकडे पाहून, "मी हे काम सात वर्षे केले आहे. या वयाचा असल्यापासून."

साडी चार दिवसांनी मिळायची होती. मी आणायला एकटाच गेलो, आणि पुढे काही ना काही निमित्त काढून आणखी तीनचारदा गेलो. माझे इंग्रजी मॅट्रिकचे. पण तो सावकाश, सोपे शब्द निवडून बोलायचा. ज्यांना इंग्रजी येत नाही अशांशी बोलण्यात त्याचे बालपण गेले होते.

कोरियन माणसे अमेरिकेत पहिल्यांदा पोचली ती १९०३ च्या जानेवारीत. शंभरावर माणसे होनोलुलूच्या बंदरात उतरली आणि उसाच्या मळ्यांत कामाला लागली. पण तो ओघ लवकरच आटला. १९६५ साली अमेरिकेने बाहेरच्यांसंबंधीचा आपला कायदा बदलला, देशादेशांची जुनी वाटणी काढून टाकली, आणि त्यानंतर कोरियन कुटुंबेच्या कुटुंबे येऊ लागली. आज त्या वंशाचे सुमारे २० लाख लोक तिथे आहेत. यांत शिकलेली माणसे पुष्कळ होती. कोणी शिक्षक, कोणी इंजिनिअर, कोणी बँकेत. पण इंग्रजी तोंडात बसेना म्हणून ती शिकलेली माणसे भाजीच्या, दारूच्या, कपडे धुण्याच्या दुकानांत उभी राहिली. भांडवल कुठून आणले? तर 'ग्ये'मधून. ग्ये म्हणजे आपली भिशी. ओळखीच्या दहावीस घरांनी दरमहा ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. लिखापढी नाही, जामीन नाही, नुसता शब्द. ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा मी 'भिशी, भिशी' म्हणून टाळी दिली. तो शब्द त्याने लिहून घेतला.

कोरियाचे नाव आपल्याकडे अगदीच परके नाही. १९५३ साली तिथले युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर देखरेख करायला जे भारतीय सैन्य गेले, त्याचे सेनापती आपल्या कोल्हापूरकडचे जनरल थोरात होते. त्या कैद्यांतले ८८ जण उत्तरेलाही गेले नाहीत आणि दक्षिणेलाही नाही. ते आपल्या सैन्याबरोबर १९५४ साली भारतात आले. चोए इन-हुन या कोरियन लेखकाने १९६० साली अशाच एका कैद्यावर 'चौक' या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक भारताकडे निघालेल्या जहाजावरून नाहीसा होतो. त्या जहाजाचे नाव 'टागोर' आहे. दोन बाजूंच्या मधे उभ्या राहिलेल्या माणसाला जागा कुठली, हा प्रश्न त्या लोकांना असा जुनाच आहे.

माझा हा दुकानदार १९८४ साली, नऊ वर्षांचा असताना, आईबापांबरोबर आला. अशा मुलांना कोरियन लोक 'इल-जॉम-ओ से-दे' म्हणतात. म्हणजे दीड पिढी. आईबाप पहिली पिढी, तिथे जन्मलेली मुले दुसरी, आणि जन्म इथला पण वाढ तिथली अशी ही मधली, दीड. आपल्याकडे दीड हा आकडा फक्त शहाण्याला लागतो. पण ही मुले खरोखरच दीडशहाणी होतात. एक सबंध शहाणपण स्वतःपुरते, आणि अर्धे आईबापांच्या वाटचे.

दोन संस्कृतींच्या मधे वाढणे म्हटले की लोक डब्याच्या गोष्टी सांगतात. किमचीच्या वासाने वर्गातली मुले नाक धरतात, मग पोर डबा घरीच विसरू लागते, नाव बदलून घेते. त्या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांत दुःखही आहे. पण ते दुःख काळाबरोबर निवळते. नाक धरणारी माणसेच पुढे पैसे मोजून किमची खातात. जे निवळत नाही ते दुसरेच आहे. मुलगा अकरा वर्षांचा असताना घरातला वडीलधारा होतो. भाड्याच्या कराराचा अर्थ तो सांगतो, विजेच्या कंपनीला फोन तो करतो, आईला दवाखान्यात कुठे दुखते ते डॉक्टरला तो सांगतो. आणि गिऱ्हाईक काय म्हणाले ते बापाला तो सांगतो.

त्याचे वडील कोरियात एका शाळेत भूगोल शिकवत. ताठ माणूस. मुलगा त्यांना 'आप्पा' म्हणे. हो, वडिलांना कोरियन भाषेत हाच शब्द आहे, आणि तो ऐकून मला आमच्या शेजारच्या वाड्यातले आप्पा आठवले. १९८६ सालच्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी, एक उंचापुरा गृहस्थ कोट घेऊन दुकानात आला. कोटाच्या बाहीला भोक पडले होते. ते तुम्हीच पाडले, असे त्याचे म्हणणे. तो जे बोलला त्यात इस्त्री धरता येत नाही त्यांनी धंदा करू नये, हे होते, आणि ज्या जहाजातून आलात त्यातून परत जा, हेही होते.

मुलाने वडिलांना कोरियन भाषेत सांगितले, "कोटाला भोक आहे म्हणतात. जरा बघा म्हणतात."

वडिलांनी बाही उजेडात धरली आणि ते म्हणाले, "त्यांना सांग, हे भोक सिगारेटचे आहे. कोट आला त्या दिवशीच मी ते पाहिले होते आणि वहीत टिपून ठेवले आहे. मी बारा वर्षे शाळेत शिकवले आहे. एका कोटासाठी खोटे बोलणार नाही. त्यांना पटत नसेल तर उद्यापासून त्यांनी येऊ नये."

मुलाने गृहस्थाला सांगितले, "वडील माफी मागतात. ते फुकट रफू करून देतील."

गृहस्थ एकदम निवळला. एवढ्या रागावलेल्या माणसाचा चेहरा असा उतरलेला पाहून वडिलांनी विचारले, "काय म्हणतात?" मुलगा म्हणाला, "भोक आपलेच आहे, हे त्यांनी कबूल केले. रफू करून द्याल का, म्हणून विचारतात. पैसे देतो म्हणतात." वडिलांनी रात्री बसून ती बाही अशी रफू केली की भोक कुठे होते ते बोटालाही कळू नये. गृहस्थ कोट घेऊन गेला. पैसे अर्थात त्याने दिले नाहीत, कारण ते फुकट ठरले होते. मुलाने आपल्या साठवलेल्या पैशांतले चार डॉलर हळूच गल्ल्यात टाकले.

त्या रात्री जेवताना वडील त्याच्या आईला म्हणाले, "पाहिलेस? खरे सरळ सांगितले की इथली माणसेही ऐकतात."

मला हे सांगताना तो काउंटरवरच्या पावत्या एकसारख्या लावत होता. पुढे तो गृहस्थ त्यांचे कायमचे गिऱ्हाईक झाला. नुसते गिऱ्हाईक नव्हे, स्नेही. आपली चूक कबूल करणारा माणूस म्हणून वडिलांना त्याचा आदर वाटे. दरवर्षी चुसोकला, म्हणजे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पितरांना नैवेद्य दाखवण्याचा त्यांचा पौर्णिमेचा सण असतो तेव्हा, वडील त्याच्या घरी पेरांची पेटी पाठवत. आपण दिवाळीचे ताट शेजारी देतो तसे. आणि गृहस्थाला वाटे, हा केवढा नम्र माणूस, कधी आवाज चढवत नाही. नाताळात त्याचे कार्ड येई. बत्तीस वर्षे हे चालले. वडील २०१८ साली वारले. गृहस्थ आता ऐंशीच्या पुढे आहे, अजून दुकानात येतो, आणि प्रत्येक वेळी म्हणतो, "तुझ्या वडिलांना मी कधी रागावलेले पाहिले नाही."

"तुम्ही शिक्षक आहात," तो मला म्हणाला, "मला सांगा, मी त्याला खरे सांगावे का?"

मी काय सांगणार? पहिल्या झटक्यात मी शिक्षकासारखा नव्हे, शेजाऱ्यासारखा बोललो. म्हटले, तुम्ही दोन माणसांची मने सांभाळलीत, दुकान सांभाळलेत, एक मैत्री जोडून दिलीत. अप्रिय असेल ते तोंडातच ठेवावे, असे आमच्याकडेही जुनी माणसे सांगतात. त्याने मान हलवली. तो म्हणाला, "माझ्या वडिलांना या देशात एकदाही राग आला नाही, असे सगळ्यांना वाटते. त्यांना राग यायचा. तो माझ्या घशात आहे."

घरी आलो तरी हे वाक्य जाईना. आपल्या पुराणांत दूताला मारू नये असा नियम आहे. का? कारण तो जे बोलतो ते शब्द त्याचे नसतात. ते धाडणाऱ्याचे असतात, तो फक्त पोचवतो. कृष्ण शिष्टाईला गेला तेव्हा पांडवांचे म्हणणे त्याने गिळून टाकले असते, तर आपण त्याला शांतिदूत म्हटले असते की अपराधी? या न्यायाने पाहिले तर मुलाने वडिलांची ठेव लाटली. चार डॉलर टाकून गल्ला भरला. पण वडिलांचे जे बोलणे त्याने वाटेत ठेवून घेतले, त्याची भरपाई झाली नाही.

पण हा न्याय मोठ्यांचा आहे. दूताला दोन्हीकडे अभय असते. या पोराला कुठले अभय होते? त्याला वडिलांशेजारी बसून जेवायचे होते आणि दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थाच्या गावातल्याच शाळेत जायचे होते. शिवाय दुभाष्याचे काम त्याने मागितले नव्हते. आणि कोरियन भाषेची अडचण वेगळीच. आपण निदान तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या करतो; कोरियन मुलगा वडिलांना 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाही, 'आप्पा' असेच म्हणतो. क्रियापदाचे शेपूटही समोरच्या माणसाच्या मानाप्रमाणे बदलते. वडीलधाऱ्यांच्या जेवण्याला आणि झोपण्याला शब्द निराळे आहेत. मरण्यालाही निराळा आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'परत जाणे' असा आहे. वडील गेले तेव्हा आईने सोलला आत्याला फोन करून तो शब्द उच्चारला, आणि क्षणभर आपल्याला वाटले की आप्पा खरेच कोरियाला परत गेले, असे तो म्हणाला. अशा भाषेत परक्याचा अपमान जसाच्या तसा आणून बापाच्या पुढ्यात ठेवायचा म्हणजे तो स्वतःच्याच तोंडाने करायचा. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. तिकडून इकडे येताना शब्दाला वाकावेच लागते. किती वाकवायचे, हे अकरा वर्षांच्या पोराने ठरवायचे.

मला शिक्षक म्हणून आणखी एक गोष्ट टोचली. शाळेत पालकांना बोलावत तेव्हाही दुभाष्या तोच. मी हसून विचारले, मग तुमच्या तक्रारी तुम्ही गाळत असाल? तो म्हणाला, नाही, तक्रारी मी सगळ्या सांगितल्या. गाळली ती स्तुती. गणिताच्या बाई म्हणाल्या, असा मुलगा मला दहा वर्षांत मिळाला नाही. हे वडिलांना कसे सांगायचे? आपल्याच तोंडाने, आपल्याच बापाला? त्याने सांगितले, "बाई म्हणतात, ठीक आहे, अजून मेहनत घ्यायला हवी." वडिलांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि घरी आल्यावर मेहनत घ्यायला लावली. आपला मुलगा हुशार होता, हे त्या माणसाला कधी कळलेच नाही. पालकसभेत इतकी वर्षे बसूनही हे माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. माझ्या वर्गातही बिहारमधून, कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुले आहेत, आणि त्यांच्या आईबापांना मी जे सांगतो ते तीच मुले घरच्या भाषेत सांगतात.

एका घरात झाले ते एका समाजालाही होते. १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये एका कोरियन दुकानदार बाईने संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरून झालेल्या भांडणात पंधरा वर्षांच्या एका काळ्या मुलीला गोळी घातली, आणि कोर्टाने त्या बाईला तुरुंगात धाडले नाही. ही जखम ओली असतानाच १९९२ च्या २९ एप्रिलला रॉडनी किंग या काळ्या माणसाला बडवणाऱ्या पोलिसांना ज्युरीने सोडले, आणि शहर पेटले. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकाने लुटली किंवा जाळली गेली. कोरियन लोक त्या दिवसाला नुसते आकड्यांनी ओळखतात: 'सा-इ-गु', चार-दोन-नऊ. त्याआधी कित्येक वर्षे काळ्या गिऱ्हाइकांची तक्रार होती की हे दुकानदार नजर देत नाहीत, हसत नाहीत, सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवतात. कोरियन रीतीत परक्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवणे हाच उर्मटपणा. दोन्हीकडचा अपमान खरा होता, आणि मधे सांगणारे कोणी नव्हते. होती ती दुकानाच्या मागच्या खोलीत गृहपाठ करणारी मुले. एकट्या रीतिभातीच्या फरकाने शहर जळत नाही. गरिबी होती, जुना अन्याय होता, आणि त्या बाईचे पिस्तूलही होते. पण न सांगितलेल्या गोष्टींचा ढीग किती वाळलेला असतो, ते तेव्हा दिसले.

आग विझत असताना अँजेला ओ नावाची एक कोरियन वंशाची वकील बाई दूरदर्शनवर आली आणि त्या दुकानदारांच्या वतीने स्वच्छ इंग्रजीत बोलली. माझा मित्र तेव्हा सतरा वर्षांचा होता. वडिलांनी विचारले, "काय म्हणते ती?" त्याने तिचे प्रत्येक वाक्य जसेच्या तसे कोरियन भाषेत केले. काहीही न गाळण्याची ती त्याची पहिली वेळ. वडील दूरदर्शनकडे पाहत नव्हते. मुलाकडे पाहत होते.

२०१६ साली अमेरिकन सरकारने असा नियम केला की दवाखान्यांनी, प्राणावर बेतलेले नसेल तर, लहान मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेऊ नये. चांगला नियम आहे. तीस वर्षे आधी हवा होता. त्याचे वडील दोन वर्षांनी आजारी पडले तेव्हा तो तर चांगला चाळिशी ओलांडलेला होता. तरीही रुग्णालयाने फोनवरून कोरियन दुभाषी बाई दिली. डॉक्टर बोलले, ती बोलली. रोग कुठवर पसरला आहे, किती महिने उरले असावेत, सगळे. अत्यंत अदबीच्या शब्दांत, पण एक अक्षर न गाळता. तो खाटेच्या पायथ्याशी उभा होता. गाळण्यासारखे त्याच्या हातात काही नव्हते. फोन ठेवल्यावर वडील म्हणाले, "बाई चांगली बोलली. सगळे सांगितले तिने."

'सगळे' हा शब्द ते कसा म्हणाले, हे त्याने मला दोनदा म्हणून दाखवले. मला कोरियन येत नाही. पण मला वाटले, तो अजून त्या एका शब्दाचा अर्थ लावतो आहे.

मी स्वतः यातून सुटलेलो नाही. आम्ही खानदेशातून पिंपरीला आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. घरी अहिराणी. आईला पुस्तकी मराठी कळायचे, बोलता यायचे नाही. शिधावाटप कचेरीतल्या कारकुनाने तिच्या बोलण्याची नक्कल करून शेजारच्या कारकुनाला हसवले, तेव्हा मी तिला सांगितले, "साहेब म्हणतात, उद्या या." साहेब काय म्हणाले होते ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. माझ्या कादंबऱ्यांत पुष्कळ कारकून आले. तो एक आला नाही. भाषा एकच म्हणायची, राज्य एकच. तरी दोन बाकांमधले ते अंतर मला अजून मोजता येते. सोलहून न्यू जर्सीला गेलेल्या पोराचे काय झाले असेल, ते मला त्यामुळेच थोडे कळले असावे.

निघण्याआधी मी दुकानात गेलो, तेव्हाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते आले इथे परतल्यावर, पुढच्या पावसाळ्यात, असाच एका बदली तासाला. मला वाटले की त्याने सांगावे. खोटे बोलणे पाप म्हणून नव्हे. त्या पोराने पाप केले असे मी म्हणणार नाही, आणि ती मैत्री खोटी होती असेही म्हणणार नाही. बत्तीस वर्षांच्या पेरांच्या पेट्या खोट्या कशा असतील? पण एक भूगोलाचा शिक्षक एका संध्याकाळी ताठ उभा राहून बोलला होता आणि ते बोलणे ज्याच्यासाठी होते त्याला पोचलेच नाही. तो ऐकणारा अजून जिवंत आहे. माझ्या मते हे बोलणे पोचवायचे राहिलेले टपाल आहे, आणि ते उघडून वाचण्याचा हक्क त्या म्हाताऱ्याचाही आहे. गृहस्थाला वाईट वाटेल. कदाचित तो पुन्हा यायचा नाही. पण मग निदान तो खऱ्या माणसाशी भांडून जाईल.

हे सगळे मी पत्रात लिहिले. दुकानात हातवारे असतात, पत्रात नसतात. तेव्हा माझ्या इंग्रजीवर विसंबण्यात अर्थ नव्हता. मराठीत लिहून बहिणीकडे पाठवले. तिला वेळ नव्हता म्हणून तिने ते भाच्याला वाचून दाखवले आणि त्याने इंग्रजी करून दुकानात नेऊन दिले. त्याने काय लिहिले, हे मी विचारले नाही.

उत्तर आले ते मार्चमध्ये. भाच्याने फोनवर वाचून दाखवले. पत्र मिळाले. ते गृहस्थ गेल्या आठवड्यात आले होते, कोटाचे अस्तर उसवले होते. दुकानात गर्दी नव्हती, म्हणून त्यांना बसवून चहा दिला. अर्धा तास बसले. आजींना नमस्कार. साडीचा डाग पुन्हा दिसू लागला तर पाठवून द्या, पैसे पडणार नाहीत.

"एवढेच लिहिले आहे?" मी विचारले.

"हो मामा," भाचा म्हणाला, "एवढेच."